शेजाऱ्यांचा थर्मास

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत राहायचो, तेव्हा शेजारी एक थाई गृहस्थ होते. घरी काही केलं की डबा भरून आमच्याकडे आणून द्यायचे. कंबरदुखीवर डॉक्टरांनी दिलेल्या अफूच्या गोत्रातल्या गोळ्या मात्र त्यांनी फेकून दिल्या होत्या. "सारखी गुंगी, पोट साफ नाही, वर सवय लागते," म्हणायचे. त्याऐवजी थायलंडमधल्या गावाहून येणारा, क्राटोम नावाच्या तिकडच्या झाडाचा पाला उकळून दिवसभर थर्मासमधून प्यायचे. "पान आहे, औषध नाही," हे ठरलेलं वाक्य. मलाही पटायचं. आपण नाही का काढे घेत?

एकदा पाल्याचं पार्सल लांबलं. त्यांचं नाक गळायला लागलं, हात थरथरायला लागले. मी बेल वाजवली तर अंगावर ओरडले. मग म्हणाले, "फ्लू झालाय." पार्सल आलं, थर्मास भरला आणि दुपारपर्यंत फ्लू गायब. मला काही कळेना.

त्या हिवाळ्यात बर्फ उपसताना माझी पाठ धरली. डॉक्टरांच्या गोळीची धास्ती, म्हणून कप घेऊन त्यांच्याकडेच गेले. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं आणि माझ्या कपात साधा चहा ओतला.

"पण ते पानच आहे ना?" मी विचारलं.

"हो, पानच," ते म्हणाले, आणि थर्मास आतल्या खोलीत ठेवून आले.