सॅम्पल नावाच्या फायली

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, हाव, म्हणजे हो. चहा पाहिजे? हाव. दुखून राहिलं का? हाव. पोरगी पुण्याहून फोनवर विचारायची, बाबा, मला ओळखलं का, तर हाव. डॉक्टरांनी आज कोणता वार म्हणून विचारलं, तरी हाव.

नागपूरला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या म्हणाल्या, कळतं सगळं त्यांना, शब्द हाती लागत नाहीत. त्यांचा स्वतःचा जुना आवाज ऐकवत जा, रोजच्या बोलण्याचा. एखादा शब्द कदाचित परत येईल. बाई कदाचितच म्हणाल्या होत्या, पण मी तेवढंच धरून पांढुर्ण्याला परतली.

आता ह्यांचा आवाज आणायचा कुठून? हा माणूस लग्नाकार्यात कोपरा धरून बसणारा. घरातल्या व्हिडिओत हे आहेत, पण जेवताना, नाहीतर मांडवाबाहेर चप्पल शोधताना. तोंड उघडायचं ते एकाच ठिकाणी, बोरगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात. फळ तयार झालं की फोन घेऊन झाडाझाडाखाली फिरायचे, मालाचा व्हिडिओ काढायचे आणि सोबत बोलत राहायचे, मग तो व्यापाऱ्याला जायचा. फोन भरला की सगळं घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचे. शिस्तीचं काम.

त्या कॉम्प्युटरवर दिवाळीत पोरीनं एक प्रोग्राम टाकून दिला होता. घरातले सगळे व्हिडिओ त्यात गोळा होतात आणि टीव्हीवर सिनेमासारखे पोस्टर लावून दिसतात. पोस्टर तो आपल्याच मनानं लावतो. दिराच्या पोरीच्या लग्नाला त्यानं बंदूक घेतलेल्या एका गोऱ्या माणसाचं पोस्टर लावलं, ते अजून तसंच आहे. कोण काढत बसते.

ह्यांचा पलंग टीव्हीसमोर. मी प्रोग्राम लावला. लग्न होतं, बारसं होतं, सावरगावच्या पाहुण्यांची वास्तुशांती होती. बगीचा नव्हता. वर पाहिलं, खाली पाहिलं, नव्हताच. पोरीला फोन लावला.

"आई, पुन्हा स्कॅन कर. कधी कधी त्याला नवीन फायली दिसत नाहीत."

"नवीन कुठल्या? तुझ्या बाबाच्या जुन्या फायली आहेत त्या."

"कर तरी."

केलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत गेली, आणि पुन्हा तेच लग्न, तेच बारसं, तोच बंदूकवाला. "दिसून राहिलं का काही?" मी स्वतःशीच बोलली, तर पलंगावरून उत्तर आलं, हाव. मला असा राग आला म्हणता. राग कोणावर काढणार, तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच ओटा पुसत बसली.

पुढचे कित्येक दिवस माझी दुपार अशीच गेली. ह्यांना जेवू घालायचं, तोंड पुसायचं, कूस बदलून द्यायची आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन बसायचं. पोरगी ऑफिसातून दबक्या आवाजात सांगायची, मी करायची. वायर काढून लावली. फोल्डरचा रस्ता बरोबर आहे का पाहिलं, बरोबर होता. प्रोग्राम काढून परत टाकला. ते करताना बारसंही गायब झालं, ते आणण्यात दोन दुपारी गेल्या. जीव मेटाकुटीला आला. शेजारची बाई म्हणे, जाऊ दे ना, एवढं काय आहे त्यात. काय आहे ते तिला कुठून सांगू? तिचा नवरा सकाळपासून तिच्यावर खेकसतो, ती त्याला कंटाळली आहे.

मजा म्हणजे फायली हरवल्याच नव्हत्या. फोल्डर उघडलं की ओळीनं बसलेल्या दिसायच्या. पण कॉम्प्युटर मागच्या खोलीत, त्याचा स्पीकर कधीचा गेलेला, आणि ह्यांना तिथं नेऊन बसवणं माझ्या एकटीच्या हातचं नाही. टीव्हीवर आणायचं तर प्रोग्राममधूनच, आणि प्रोग्राम त्या फायलींकडं पाहायला तयार नाही.

एके दुपारी ध्यानात आलं, की त्याच फोल्डरमधला एक व्हिडिओ मात्र टीव्हीवर येते. विहिरीवरची मोटर बिघडली तेव्हाचा, त्यात नुसती घरघर. त्याचं नाव मोटर. बाकी सगळ्यांची नावं ह्यांनी इंग्रजीत घातलेली: सॅम्पल आंबिया, सॅम्पल मृग, हे संत्र्याचे दोन बहार, आणि सॅम्पल बांधाकडचा. व्यापाऱ्याला मालाचं सॅम्पल पाठवायचं, म्हणून नाव सॅम्पल. मी जन्मभर शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या आहेत, वेगळं काय तेवढं मला दिसते. एका फायलीचं सॅम्पल खोडून संत्रा लिहिलं आणि स्कॅन लावलं. फाइल आली.

पोरीनं शोधून सांगितलं, की लोक इंटरनेटवरून सिनेमे उतरवतात, त्यासोबत चव पाहायला एक तुकडा येतो, त्याचं नाव सॅम्पल असते. प्रोग्रामला वाटते हा तसलाच तुकडा, कामाचा नाही, म्हणून तो दाखवतच नाही. मी कपाळाला हात लावला. हसावं म्हटलं तर अंगात त्राण नव्हतं. एकेक करून सगळ्यांच्या नावातलं सॅम्पल खोडून संत्रा करून टाकलं.

मग ह्यांना उशा लावून बसवलं आणि पहिला व्हिडिओ लावला. हिरवी पानं, पिवळी फळं, आणि घसा खाकरून ह्यांचा आवाज.

"पाहून घ्या भाऊ, आंबिया बहाराचा माल हाय. साल पातळ, एक डाग दाखवा मले. मंग भावाचं बोला."

मी भिंतीला टेकली. हा आवाज एवढा जाड होता, एवढा भांडखोर होता, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं. मला रडू फुटलं.

ह्यांचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांतून पाणी, ओठ थरथरून राहिले. मी घाबरली. त्रास होऊन राहिला असं वाटलं, रिमोट उचलला.

"बंद करू का?"

"नाई."

जड जिभेनं, पण साफ. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाई.

पलंगाच्या काठावर मी बसली. आनंद झाला, नाही कसा होणार. पण तो पुरता होते न होते तोच दुसरी गोष्ट ध्यानात आली. म्हणजे एवढे महिने ह्यांच्यापाशी नाई नव्हतं. दुधीचा रस घेता ना? हाव. भजनाचं चॅनल लावू? हाव. भर सकाळी पडदे ओढून, झोपता? हाव. आणि उन्हाळ्यात दीर आले होते, म्हणाले, वहिनी, बगीचा पाहणारं कोणी नाही, झाडं काढून कापूस लावू का, दादाला विचारा. मी याच पलंगापाशी येऊन विचारलं. मग मीच दिरांना फोन करून सांगितलं, हे हाव म्हणून राहिले, काढून टाका.