पोट कोणी चोळलं?

देवासात दुर्गाअक्कांचा पत्ता विचारावा लागत नाही. ज्या घरी बाळंतपण, त्या घरी सकाळी आठला त्या सापडतात. पाटावर पाय लांब करून बसतात, बाळ पायांवर पालथं, शेजारी कोमट तेलाची वाटी. वय एकसष्ट. बागलीहून लग्न होऊन आल्या आणि सासूच्या हाताखाली हे काम शिकल्या. अडतीस वर्षांत किती पोरं न्हाऊ घातली, त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. शाळा त्यांनी पाहिलेली नाही. बोलणं अर्धं मराठी, अर्धं माळवी. जे कळतं ते बोटांना कळतं.

मनन त्यांच्या हाती आला तेव्हा पाच दिवसांचा होता. वजन साडेचार किलो, जीभ तोंडाबाहेर आलेली, उजवा पाय डाव्यापेक्षा जाड. त्याचे आजोबा बळवंतराव, जुन्या दरबारी घराण्यातले, निवृत्त हेडमास्तर, येईल त्याला सांगत होते, "पैलवान आलाय आमच्याकडे!"

अक्कांनी दोन्ही पाय हातात तोलले. "डावा बारीक आहे, भिया," त्या बळवंतरावांना म्हणाल्या. " मी भरून काढते."

चार महिने त्या डावा पाय चोळत राहिल्या. मग एक दिवस मननची आई शिखा इंदूरच्या मोठ्या दवाखान्यातून तपासणीचा कागद घेऊन आली आणि पाटाजवळच बसली.

"अक्का, डावा पाय ठीक आहे. जास्त वाढून राहिलाय तो उजवा."

"म्हणजे?"

शिखा हिंदी शाळेत शिकलेली. मराठी शब्द शोधत, अडखळत तिनं सांगितलं. माणसाला प्रत्येक जीन दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक दोन्ही काम करतात. पण शरीर वाढवणारा एक जीन असा आहे की त्याची फक्त बापाकडची प्रत चालू असते. आईकडची प्रत तशीच असते, पण तिच्यावर बंदची खूण असते. मननच्या उजव्या बाजूच्या बऱ्याच पेशींत ती खूण बिघडली. दोन्ही प्रती चालू राहिल्या, म्हणून ती बाजू दुप्पट जोरानं वाढते.

"कोणाकडून आलं हे?" दारातून बळवंतरावांनी विचारलं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"माझ्याही माहेरी नाही, बाबा. पोटात असताना, अगदी सुरवातीला, आपोआप झालंय. डॉक्टर अल्पना म्हणाल्या, कोणाचाच दोष नाही." मग ती अक्कांकडे वळली. "पण जे पाय वाढवतं ना, ते कधीकधी किडनीत गाठ पण वाढवतं. कॅन्सरची. म्हणून सात वर्षांचा होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी."

अक्कांनी त्या दिवशी पाय चोळला नाही. चांगल्या पायाला आपण आजारी समजत होतो, ही गोष्ट त्यांना कितीतरी दिवस टोचत राहिली.

साडेतीन वर्षं सोनोग्राफी निर्मळ आली. पुढच्या तारखेला बळवंतराव म्हणाले, "धडधाकट पोराला किती वेळा त्या यंत्राखाली निजवणार?" शिखाची शाळेतली नोकरी, तिच्या नवऱ्याची, भूपेंद्रची, कारखान्यातली पाळी. एक तारीख चुकली, मग दुसरी.

चैत्रातल्या एका बुधवारी संध्याकाळी बळवंतरावांनी अक्कांना बोलावून घेतलं. मननचं पोट दुखत होतं. शिखा अजून घरी आली नव्हती.

"गोळा सरकलाय," बळवंतराव म्हणाले. "जरा चोळून जागेवर आणा."

सरकलेला गोळा अक्कांच्या चांगल्या ओळखीचा. बोट ठेवलं की ठोका बेंबीच्या खाली सरकलेला लागतो, हात फिरवला की तो जागेवर येतो. इथे ठोका बेंबीपाशीच, जागेवर होता. उजव्या कुशीत मात्र कच्च्या पपईएवढं काहीतरी होतं, गुळगुळीत, टणक. ते हलेना. बोटं थांबली. बोटांना शंका आली होती. पण बळवंतराव उभे होते, आणि पोटाला हात लावून काही न करता उठणं अक्कांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी अंगठा रोवून वरून खाली चोळलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मनन किंचाळला आणि एकदम गप्प झाला. ओठ पांढरे पडले.

"मळाचा खडा असेल," अक्का म्हणाल्या. "एरंडेल द्या." आणि हात न धुताच घरी गेल्या.

सकाळी शिखाला मननची उजवी कूस फुगलेली दिसली. भूपेंद्रनं गाडी काढली, बळवंतरावही बसले. मनन अक्कांशिवाय कोणाच्या मांडीवर थांबेना, म्हणून त्यांनाही घेतलं. इंदूरपर्यंत अक्कांनी दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले होते.

सोनोग्राफीचा पडदा पाहून डॉक्टर अल्पना उठून उभ्या राहिल्या. "उजव्या किडनीवर गाठ आहे. आता याच्या पोटाला कोणीही हात लावायचा नाही." मग त्यांनी विचारलं, "हा पडला होता? पोटाला मार? कोणी चोळलं?"

"छे," बळवंतराव लगेच म्हणाले. "आमच्याकडे कोणी हातसुद्धा लावला नाही." त्यांनी अक्कांकडे पाहिलं नाही.

"नीट आठवा. गाठीवर पातळ आवरण असतं. ते शाबूत असेल तर उपचार वेगळा. फाटलं असेल तर पेशी पोटात पसरतात, सगळा बेतच बदलावा लागतो. स्कॅनमध्ये दरवेळी दिसतंच असं नाही. मला खरं कळलं पाहिजे."

सुटायची वाट उघडी होती. फक्त गप्प बसायचं. अक्कांना देवासची गल्ली दिसली, नळावरच्या बायका दिसल्या. दुर्गानं पोराचं पोट फोडलं, असं त्या म्हणतील. पुढच्या महिन्यात गल्लीतल्या नीतूचं बाळंतपण होतं, त्याआधी दोन घरं ठरली होती. कोण देईल यानंतर आपलं बाळ या हातांत?

मनन मांडीवर कण्हला.

"मी चोळलं," अक्का म्हणाल्या. "काल संध्याकाळी. तीन वेळा, अंगठ्यानं, जोर लावून. तिसऱ्यांदा हा ओरडला. मग पांढरा पडला."

"अक्का, तुम्ही?" शिखा म्हणाली. "तुम्हाला मी सगळं सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस."

"द्या त्याला इकडे."

अक्कांनी दिला. डॉक्टर भराभर लिहीत होत्या. स्कॅन झाला. गाठीशेजारी थोडं रक्त साचलेलं दिसलं, तेवढ्यावरून नक्की काही ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "नुसतं एवढं पाहून मी आवरण शाबूत धरलं असतं. आता फाटलंय असंच धरते. आधी औषधानं गाठ लहान करू, मग ऑपरेशन, नंतर किरणांचा उपचार. लांबेल, पण या गाठीची बरीच मुलं बरी होतात."

बाहेर बाकावर बळवंतरावांचा फोन वाजला. देवासहून कोणीतरी विचारत होतं.

"हो, गाठच," ते म्हणाले. "काय सांगू, त्या दुर्गानं चोळलं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला अक्का बसल्या होत्या. ऐकू येईल इतक्याच अंतरावर. आपल्याला बोलावलं कोणी होतं, हे त्यांच्या जिभेवर आलं. तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"चोळलं कोणी? मॅडमना नेमकी जागा पाहिजे. कुठून कुठपर्यंत."

"मी," म्हणत अक्का उठल्या आणि आत गेल्या.