साडूंची गरम पाण्याची नळयोजना

वाया गेलेल्या उष्णतेचं सुतक पाळणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पुण्यातल्या बॉयलरच्या धंद्यात मुरलेले इंजिनियर. डच गिल्डर जाऊन युरो नुकता अंगवळणी पडत होता, तेव्हा आम्ही नायमेखनजवळच्या एका लहान गावात राहत होतो. तिथल्या खेमेंटेने, म्हणजे नगरपालिकेने, साडूंना कंत्राटावर बोलावून घेतलं. बायको-मुलं पुण्यात, हे इथे एका खोलीत, आणि रविवारचं जेवण आमच्याकडे. आल्या आल्या ते आधी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवून त्याची विचारपूस करायचे, मग आमची. कुकरची शिट्टी झाली की जवळचं कुणी गेल्यासारखे हळहळायचे. सुपरमार्केटमध्ये दूध आणायला गेलेला हा गृहस्थ अर्धा तास फ्रीजच्या पाठीमागे गरम वाऱ्यात उभा राहिला, तेव्हा तिथल्या मॅनेजरने विचारलं, "काही हरवलंय का?" साडू शांतपणे डचमध्ये म्हणाले, "माझं नाही, तुमचं." माझे आईवडील ट्यूलिप बघायला आले, तर त्यांना हे कचरा जाळायची भट्टी दाखवायला घेऊन गेले. आई परत आली ती धुमसतच. म्हणाली, "कचराच बघायचा तर आमच्या गल्लीत काय कमी होता?"

पण ती भट्टी हाच साडूंचा देव होता. तिच्या उष्णतेवर पाणी तापवायचं, ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर खेळवायचं आणि घराघरातला गॅस कायमचा बंद करायचा, अशी त्यांची योजना. "गावाला एकच चूल, भांडायचं कारण नाही," असं ते म्हणायचे. खेमेंटेपाशी उत्साह रग्गड, पैसा बेताचा. रस्ते खणायला हेगच्या केंद्र सरकारचं अनुदान मिळणार होतं, पण पहिल्या इमारतीतल्या बहुतेक भाडेकरूंनी लेखी संमती दिली तरच. साडू त्या अनुदानाबद्दल मुलीच्या स्थळाबद्दल बोलावं तसं दबक्या आवाजात बोलायचे. "होकार येईपर्यंत पेढ्यांचं नाव काढायचं नाही," म्हणायचे.

ती पहिली इमारत नेमकी आमची. डच शेजाऱ्यांनी एक कप कॉफी आणि एका बिस्किटावर सह्या देऊन टाकल्या. गाडी अडली ती कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या आम्हा देशी मंडळींच्या घरांपाशी, आणि त्या आघाडीची पुढारी होती माझीच बायको, मेधा. गॅस गेला की ज्योत गेली, ज्योत गेली की फुलका गेला, हे तिचं साधं गणित होतं. "भाऊजी, तुमचं पाणी कितीही गरम असू दे, वांगं काय रेडिएटरवर भाजू?" असं तिने तोंडावर विचारलं, आणि बॉयलर कोळून प्यायलेल्या त्या माणसाने संमतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

जिन्यात गाठून मी त्यांना म्हटलं, "संमती नाही मिळाली तर प्रोजेक्ट बंद, तुमचं कंत्राट बंद, परमिटही जाईल. मेधाला एवढं सांगा, लगेच सही करेल." ते माझ्यावर उखडलेच. "मेहुणीच्या भिडेने घेतलेली सही मला नकोय. तुम्हीसुद्धा काही बोलायचं नाही, शपथ आहे." मग त्यांनी विजेची शेगडी विकत घेतली आणि खोलीत कणकेशी झटापट सुरू केली. बोटांना फोड आलेले दिसायचे. विचारलं तर "रिसर्च" म्हणायचे.

शेवटी एका शनिवारी खालच्या हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांना बोलावलं. शेगडीवर जाळी ठेवली, पोळी टाकली, आणि ती टम्म फुगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याचं भरीत वाटलं गेलं. मेधाने घास घेतला आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. आता हे काहीतरी थाप मारतील अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगतो, मारावी असंच वाटत होतं.

"नाही आली," साडू म्हणाले. "धुराची चव यात नाही आणि येणारही नाही. मी सगळं करून बघितलं. ती चव जाणार, बदल्यात कमी धुराची ऊब मिळणार. घरी जाऊन विचार करा आणि मग ठरवा."

मेधाने ताटलीतलं भरीत संपवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही करून दिली. "जो माणूस भरताबद्दल खोटं बोलत नाही, तो नळाबद्दल कशाला बोलेल?" एवढंच ती म्हणाली. तिच्यामागून बाकीच्यांनीही सह्या केल्या. हेगहून होकार आला, साडूंनी खरोखरच पेढे वाटले, आणि पुढचे कितीतरी महिने ते चिखलाच्या बुटांनीच आमच्याकडे जेवायला येत राहिले.

आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली. काम अडलं असतं तरी त्यांना जायचं होतं, आणि तडीला गेलं तरी जायचंच होतं. कंत्राट नळ टाकून होईपर्यंतचंच होतं. सप्टेंबरच्या शेवटी ते गेले.

ऑक्टोबरात थंडी पडली आणि पाणी सुरू झालं. फोनकार्ड खरवडून मेधाने पुण्याला फोन लावला. "भाऊजी, इतकं छान गरम झालंय की खिडकी उघडून बसलेय!"

"बंद कर आधी ती!" साडू असे ओरडले की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. मेधा हसता हसता रडायला लागली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. त्यांच्या डोक्यावरचा पंखा तेवढा घरघरत होता. पुण्यात ऑक्टोबरचा उकाडा ऐन भरात होता.