कुणी मरत नाही अशी कादंबरी

सुट्टीला लोक गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात. मी विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून जवळच्याच वटार गावी जाते. यावरून ऑफिसात माझी भरपूर टिंगल होऊन गेली आहे. होऊ दे. वटारला माझ्या नवऱ्याची थोरली बहीण राहते, माझ्या वन्सं. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी आहे. दर दिवाळीत भाऊबीज उरकली की नवरा दुसऱ्या दिवशी घरी परततो आणि मी मात्र तिथेच मुक्काम ठोकते. ते कादंबरीसाठी.

आम्ही दोघी एकच कादंबरी एकाच वेळी वाचतो. वन्सं केळीची पानं कापायच्या कोयतीने पुस्तकाची पाठ उसवतात, त्याचे चार-पाच भाग करतात आणि एकेक भाग केळीच्या सोपटाने बांधून ठेवतात. मग ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून पहिला भाग त्या वाचतात. त्यांचा झाला की तो माझ्याकडे येतो आणि त्या दुसरा उघडतात. पुढे नेहमी त्या, मागे मी. नियम एकच, पुढचीने मागचीला काही सांगायचं नाही. सांगत त्या कधीच नसत, पण मध्येच "अगं बाई!" म्हणून माझ्याकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. असा छळ माझ्या सासूनेही कधी केला नाही.

मी पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरातली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती कोयती बघून मला रडूच यायचं बाकी होतं. पण संध्याकाळपर्यंत मीच हात पुढे करून "झालं का हो तुमचं?" विचारत होते. फाडायची म्हणून कादंबरी विकतची लागते, आणि विकत घेऊन फाडायची म्हणून जुनीच बरी. ती स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून निवडून आणायचं काम माझं.

गेल्या दिवाळीच्या आधी वन्संच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता औषध फक्त दुखू नये म्हणून. घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढत नव्हतं, फक्त वन्संच काढायच्या. त्यांनीच मला फोन केला. "वहिनी, कादंबरी आणतेस ना? सोपी आण. डोकं चालवायला लागेल अशी नको. आणि त्यात मरणबिरण नको हां." एवढं म्हणून त्यांनी केळ्याचे भाव सांगितले आणि फोन ठेवला.

मराठीत कुणी मरत नाही अशी कादंबरी शोधून बघा एकदा. मी रद्दीवाल्याच्या फळकुटावर बसून एकेक चाळत होते. पहिल्या प्रकरणात कुणी खोकलं की समजायचं, हा चाललाय. आईची आठवण काढून कुणी दागिन्यांचा डबा उघडला, की गेलीच ती. प्रेमकथा बऱ्या म्हणाव्यात, तर तिथे नायिकेचा बाप हातात तार घेऊन कोसळतो. एवढी माणसं मारून या लेखकांना काय मिळतं कोण जाणे. मला तिथेच बसून त्यांना शिव्या घालाव्याशा वाटत होत्या, आणि थोड्या घातल्याही.

शेवटी दोन उरल्या. एक बारकी, एका बैठकीत संपेल अशी. दुसरी चांगली जाडजूड, चहाच्या मळ्यातल्या श्रीमंत घराण्याची, गैरसमज, हरवलेला भाऊ, शेवटी लग्न. "बारकी न्या की मॅडम, पटकन होईल," रद्दीवाला म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता, पण मी त्याच्यावर खेकसले. बारकी नेली तर वन्सं ती हातात घेताक्षणी ओळखणार की मी काय हिशेब केलाय. आजवर सुट्टीला पुरेल अशी जाडच त्यांनी मागितली होती. आणि जाड नेली तर ती संपणार नव्हती. दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते, देव जाणे. मग जाड घेतली.

वटारला गेले तेव्हा वन्सं झोपाळ्यावर नव्हत्या, माजघरातल्या खाटेवर होत्या. भाऊबीजेला त्यांनी भावाला खाटेवरूनच ओवाळलं. नंतर पुस्तक तळहातावर तोलून बघत म्हणाल्या, "बरीच आशा आहे गं तुला." त्यावर मी काहीतरी फुटकळ बोलले. कोयती त्यांच्या यजमानांनी चालवली. भाग त्यांनी केले सारखे, पण वन्संनी पहिल्या भागातूनही मूठभर पानं वेगळी करून घेतली आणि बाकीचं गठुडं उशाशी ठेवलं.

पहिल्या दिवशी त्या हसल्या, अगदी आवाज करून. मला वाटलं, जमलं. पण नंतर गोळी घेतली की डोळा लागायचा, जाग आली की तेच पान पुन्हा पहिल्यापासून. मी रिकाम्या हाताने वाडीत फिरायचे, पंपाजवळ बसायचे आणि घाई दिसू नये म्हणून "झालं का?" विचारायचं टाळायचे. ते न विचारणं त्यांना बरोबर कळत होतं.

माझ्या निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी ती मूठभर पानं माझ्या हातात दिली, आणि त्यावर अख्खं गठुडंही ठेवलं. "तू पुढे जा. वाच आणि संध्याकाळी मला सांग काय होतं ते."

"असं नाही चालायचं, वन्सं. सांगायचं नाही हा नियम आहे."

"नियम माझाच होता ना? मग वाच गपचूप."

मी वाचली. ओटीवर बसून, डोळे पुसत, त्या मळ्यातल्या मूर्ख श्रीमंतांची कादंबरी. आयुष्यात एवढी चिडून मी दुसरी कुठली वाचलेली नाही. संध्याकाळी खाटेशी बसून सगळं सांगितलं. गैरसमज कसा मिटला, भाऊ कसा सापडला, मांडव कुठे पडला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्या असं वाटून मी थांबले.

"आणि ती आत्या?" त्यांनी विचारलं.

सुरुवातीच्या पानांत नायकाची एक आत्या ट्रंक घेऊन राहायला येते. सगळ्यांच्या चहात खोड काढते, नोकरांवर ओरडते. तिच्यावरच वन्सं पहिल्या दिवशी हसल्या होत्या. मी मनातल्या मनात पुढची पानं उलटून बघितली.

"ती पुढे येत नाही हो."

"मेली?"

"छे! मरत नाही कुणी, बघून आणलीय मी. लेखक विसरला असेल. तिचं नावच नाही पुढे."

"लग्नातही नाही?"

लग्नात मांडवाच्या मधोमध बसली होती, आचाऱ्यावर ओरडत होती, असं सांगणं फार तर दोन वाक्यांचं काम होतं. पण माझं खोटं त्यांना आवाजावरून कळतं.

"लग्नातही नाही," मी म्हणाले.

"आत्या कुठाय म्हणून कुणी विचारलं पण नाही?"

"नाही."

वन्संनी डोळे उघडले आणि आढ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि लग्न छान झालं."

"हो," मी म्हणाले. "छान झालं."