आत्याच्या टोपलीतला साप

आत्या नक्की कोणाची आत्या, हे गल्लीत कोणी विचारत नसे. भावाची मुलं तिला आत्या म्हणायची. मुलं मोठी होऊन परगावी गेली, पण नाव गल्लीच्या तोंडी राहिलं. तिचं लग्न झालं नव्हतं आणि का झालं नव्हतं, हे आता तिलाही धड आठवत नसे. भावाच्या घराच्या मागच्या पडवीत तिचं शिवणयंत्र होतं, यंत्राखाली चिंध्यांची टोपली, आणि दोन पायऱ्या उतरलं की तिची बाग. शाळेच्या गणवेशांना काजं करायची, बटणं लावायची, उन्हं कलली की वालाच्या वेलांना पाणी घालायचं, असा तिचा दिवस.

भाऊ कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. नोकरी संपली तरी काठी सुटली नाही, म्हणून गल्लीनं त्याला फौजदार म्हणायला सुरुवात केली. म्हणणारे चेष्टेनं म्हणत, पण त्याला ते खरंच वाटायचं. उबदार, ओलसर हवा, गच्च झाडी, घराघरात उंदीर, त्यामुळे सापांना काही तोटा नव्हता. कोणाच्या न्हाणीघरात निघे, कोणाच्या लाकडांच्या ढिगात. हाक आली की फौजदार काठी घेऊन धावायचा. विषारी की बिनविषारी याची चौकशी नंतर, म्हणजे कधीच नाही. आजवर मारलेले बहुतेक बिचारे बिनविषारी, कवड्या नाहीतर धामण. पण मेलेल्याची बाजू कोण मांडणार?

मारलेला साप तो फेकून देत नसे. घरी आणायचा, आणि आत्याच्या टोपलीत वेटोळं करून ठेवायचा.

पहिल्यांदा चिंधी काढायला तिनं हात घातला आणि गार काहीतरी लागलं, तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे मास्तर धावत आले. पन्नाशीची बाई, भीतीनं उभ्या उभ्या लुगडं ओलं झालं. फौजदार खिडकीत पोट धरून हसत होता. आणि लुगड्याची गोष्टही त्यानं मास्तरांना सांगितली, मास्तरांनी बायकोला, आणि मग गल्लीत ठाऊक नसलेला माणूस उरला नाही. त्या दिवसापासून आत्या पुढच्या दारानं बाहेर पडली नाही. गणवेश न्यायला आणायला शाळेचा शिपाई घरी येऊ लागला.

वहिनीकडे तिनं एकदा रडून सांगितलं. "अहो, गंमत करतात ते," वहिनी म्हणाली. "सख्खा भाऊ गंमत नाही करणार तर कोण करणार?" आपलेच दात आणि आपलेच ओठ. आत्या परत यंत्रावर जाऊन बसली.

पण तिनं एक मनाशी पक्कं केलं. या माणसाला आपली किंकाळी पुन्हा मिळू द्यायची नाही. पुढच्या खेपेला साप दिसला तेव्हा तिनं दातावर दात दाबले, मधोमध धरून उचलला, दोन पायऱ्या उतरून खताच्या खड्ड्यात टाकला आणि परत येऊन काज पुरं केलं. खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. फौजदार चडफडला. मग तो हात धुवून तिच्या मागेच लागला. अकरा वर्षं हा खेळ चालला, आणि अकरा वर्षं तिनं आवाज काढला नाही. तिच्या आयुष्यात तिनं जिंकलेलं एवढंच होतं.

त्या सकाळी टोपलीत निळ्या चिंध्यांवर काळं वेटोळं पडलं होतं, अंगावर पांढरे पट्टे. कवड्याच, नेहमीचा. तिनं उचलला. खड्ड्यापाशी पोचता पोचता बोटाच्या पेराला बारीकसं टोचलं. शिवणाऱ्या बाईला टोचण्याचं काय अप्रूप? तिनं साप टाकला, आणि तो सावकाश, आळसावल्यासारखा, खतावरून सरकत वालाच्या वेलांत निघून गेला.

आत्या क्षणभर पाहतच राहिली. मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती पुढच्या दाराकडे धावली.

फौजदार पुढच्या ओसरीवर मास्तरांबरोबर चहा पीत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, तो साप जिवंत होता. चावला मला."

"कुठला साप?"

"टोपलीतला. पट्ट्यांचा."

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "मास्तर, ऐकलंत? आज मी टोपलीत काही ठेवलंच नव्हतं! बाईसाहेब माझीच फिरकी घेतायत. शिकली, अकरा वर्षांनी का होईना, शिकली!"

"शपथ घेते, दादा. हे बघ." तिनं बोट पुढे केलं.

"ही सुईची भोकं. दाही बोटांना आहेत तुझ्या. सूज कुठाय? रक्त कुठाय?"

जहाल विषारी मण्यारीच्या चाव्याला सूज नसते आणि रक्तही नसते; विष गुपचूप अंग लुळं करत जातं, आणि शेवटी श्वास. ती दिसते कवड्यासारखीच, आणि दिवसा अशीच मलूल पडून असते. एवढे साप मारलेल्या या शूरवीराला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटण्यात हयात गेली, सापाकडे बघायला सवड कुठे होती?

"पडा जरा," वहिनी म्हणाली. आत्या पडली नाही. ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली, कारण तिला एकटीला मरायचं नव्हतं.

तासाभरानं पोटात कळा सुरू झाल्या. मग पापण्या जड झाल्या. "दादा, दवाखान्यात ने रे," ती म्हणाली, पण जीभ वळेना आणि शब्द लोळागोळा होऊन बाहेर पडले. फौजदारानं तिच्यासारख्याच पापण्या पाडल्या, जीभ जड केली आणि तेच वाक्य मास्तरांना म्हणून दाखवलं. मास्तर हसले. नंतर त्यांना त्या हसण्याची लाज वाटली म्हणे. वाटो बापडी.

ती पायरीवरून कलंडली तेव्हा कुठे वहिनी ओरडली आणि रिक्षा आली.

दवाखान्यात डॉक्टर एकच. शेजारच्या खाटेवर अपघातातला माणूस होता, आणि त्याच्या भावावर डॉक्टर कडाडत होते, "दोन तास काय करत होता? काही झालं तर जबाबदार कोण?" फौजदारानं ते ऐकलं.

"यांना काय झालं?" डॉक्टर वळले.

"साप चावला."

"किती वेळ झाला?"

फौजदारानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या चपला बघत होते.

"आत्ताच," तो म्हणाला. "दहा मिनिटं झाली असतील. लगेच घेऊन आलो."

"डोळे का मिटलेत?"

"घाबरून. पहिल्यापासून घाबरट आहे हो ती."

आत्याला सगळं ऐकू येत होतं. तिनं ओरडायचा प्रयत्न केला. छातीतून वारासुद्धा निघाला नाही. डॉक्टरांनी बोट वरवर पाहिलं. सूज नव्हती.

"मग वेळ आहे," ते म्हणाले. "सलाईन लावून ठेवा, आधी याचं बघतो." आणि ते शेजारच्या खाटेकडे वळले.