इंगाबाईच्या हातचा पाव

रहाटणीची दुर्गाबाई ऐन तिशीत होती, तेव्हा पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिचा नवरा सयाजी तिथं बांधकामावर मुकादम होता. यंत्रं बसवायला परदेशातून माणसं आली होती, पण त्यांचे बंगले अजून पुरे झाले नव्हते. म्हणून सासरे बबनराव यांनी घरामागच्या मळ्यातल्या दोन नव्या खोल्या एका साहेबाला भाड्यानं दिल्या. साहेब डेन्मार्क नावाच्या देशातला. त्याच्या बायकोचं नाव इंगा.

"नावातच इंगा हाय," सासूबाई आक्काबाई म्हणाल्या. "दावल्याबगार ऱ्हायची न्हाई ती."

दुर्गाबाईला रोज सकाळी तिकडं दूध पोचवायचं काम लागलं. पहिल्याच दिवशी आक्काबाईंनी तिला बजावलं, "दूध वतायचं आन् माघारी यायचं. तिथलं पानीबी तोंडाला लावायचं न्हाई. वसईकडं पाद्र्यानं हिरीत पाव टाकला, तर अख्खं गाव बाटलं. लोकांनी नुसतं पानी प्यालं व्हतं."

दुर्गाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहूनच दूध ओतायची. पण वास काही उंबऱ्यावर थांबत नाही. इंगाबाई कोळशावरच्या लोखंडी पेटीत पाव भाजायची, आणि त्यात वेलदोडा घालायची. वेलदोड्याचा वास दुर्गाबाईला माहेरच्या लग्नातला वाटायचा. एके दिवशी इंगाबाईनं गरम पावाचा तुकडा मोडला, त्यावर दुर्गाबाईनंच आणलेल्या दुधाचं लोणी लावलं आणि हात पुढं केला. दुर्गाबाईनं मळ्याच्या वाटेकडं पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं तुकडा घेतला.

वरचा पापुद्रा कुरकुरला आणि आतलं मऊ तोंडात विरघळलं. एवढं चांगलं लागलं म्हणूनच ती घाबरली. घरी येऊन तिनं चुलीतली राख दातांना घासली, खळखळून चूळ भरली, आणि दिवसभर आक्काबाईंच्या तोंडासमोर बोलायचं टाळलं. न जाणो, श्वासाला वेलदोडा यायचा.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत बसली. इंगाबाईला मोडकं हिंदी यायचं, दुर्गाबाईला तेवढंही नाही. पण पीठ मळायला भाषा लागत नाही. इंगाबाई ग्रामोफोनला चावी द्यायची, तबकडीतून व्हायोलिनचे सूर यायचे, आणि दोघी परातीवर वाकलेल्या असायच्या. वाटेनं बैलाच्या घुंगरांचा आवाज आला की दुर्गाबाई परात सोडून दाराआड व्हायची. घुंगरं लांब जाईपर्यंत तिथंच उभी. मग पुन्हा पिठात हात.

नाताळात इंगाबाईनं खोलीच्या मधोमध सुरूची मोठी फांदी उभी केली, तिला मेणबत्त्या लावल्या. साहेब, इंगाबाई आणि साहेबाचे दोन सोबती हात धरून तिच्याभोवती गाणं म्हणत फिरू लागले. इंगाबाईनं दुर्गाबाईलाही ओढलं. भोंडल्याचा फेर धरावा तसंच होतं ते. दुर्गाबाई हसली, चालली, पदर सावरत भोवती फिरली.

घरी परतताना शेताच्या बांधावर तिच्या एकदम ध्यानात आलं, आणि ती मटकन खाली बसली. हा भोंडल्याचा पाटावरला हत्ती नव्हता. तो त्यांच्या देवाचा सण होता. त्यांच्या देवाच्या झाडाला आपण प्रदक्षिणा घातली, त्यांचा पाव तर रोजच खाल्ला. आता बाटायचं काय राहिलं? सयाजी टाकून देईल. माहेरचे दारात घेणार नाहीत. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. देवघरापुढं दिवा लावताना मात्र ती समईला बोट लागणार नाही अशा बेतानं वात सारायची.

त्याच आठवड्यात आक्काबाईंना ताप भरला. मुदतीचा ताप, उतरेचना. दुर्गाबाईला कारण ठाऊक होतं. देवानं तिच्याऐवजी सासूला धरलं होतं. ती पाय चेपायची, कपाळावर घड्या ठेवायची, आणि मनात म्हणायची, मला ने, हिला सोड.

शेवटी ताप उतरला, पण आक्काबाईंच्या अंगात काही उरलं नाही. चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आतडी नाजूक झालीत. भाकरी, डाळ काही नको. दूध-पाव द्या."

बबनरावांनी कॅम्पातल्या भट्टीतून पाव आणवला. आक्काबाईंनी तोंड फिरवलं. "भट्टीवाले पायानं मळत्यात. मी माळकरी बाई. मेले तरी चालंल."

नुसत्या दुधावर त्या दिवसेंदिवस खंगत चालल्या. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. घरात दोघीच असताना दुर्गाबाई पायथ्याशी बसली.

"आत्याबाई, हातानं मळलेला पाव आणू?"

"कुटनं?"

"इंगाबाई करत्यात. हातानंच मळत्यात. म्या बघितलंय."

आक्काबाईंनी डोळे उघडले. "तू कवा बघितलंस?"

आता मागं फिरणं नव्हतं. दुर्गाबाईनं सगळं सांगून टाकलं. पाव, लोणी, ग्रामोफोन, झाडाभोवतीचा फेर. सांगताना ती जमिनीकडं बघत होती. आक्काबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं दुर्गाबाईला झालं.

बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला. "त्यात अंडं घालती का ती?"

दुर्गाबाई मळ्याकडं पळाली. अंड्याला हिंदीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं इंगाबाईपुढं कोंबडीसारखं कॉक-कॉक केलं, हातानं अंड्याचा आकार केला, मग पावाकडं बोट दाखवून ‘नको’ अशी मान जोरजोरात हलवली. इंगाबाई आधी हसली. मग दुर्गाबाईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिचं हसू मावळलं. तिनं बरणीतलं पीठ फुगवायचं खमीर काढलं, परात घासून पुसून दुर्गाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः बाजूला सरली. दुर्गाबाईनं पाणी, मीठ आणि खमीर घालून मैदा मळला. पाव भाजून होईस्तोवर ती त्या लोखंडी पेटीपुढून हलली नाही.

दुधात कुस्करलेला पहिला घास आक्काबाईंच्या तोंडाशी नेताना थोडं दूध उशीवर सांडलं. आक्काबाईंनी घास घेतला, घोळवला, गिळला.

"आळणी हाय," त्या म्हणाल्या. आणि तोंड पुन्हा उघडलं.

तेवढ्यात बबनराव आत आले. त्यांनी वाटी पाहिली, गावात कुणाकडं न दिसणारा तो गोल पाव पाहिला, आणि त्यांच्या कपाळाची शीर फुगली. "कुनी आनला ह्यो? कुनाला इचारून?"

दुर्गाबाई उठून उभी राहिली.

"म्या मागितला," आक्काबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "सुनंनं मळलाय. तुमाला मी जिती पाहिजे का न्हाई?"

बबनराव वहाणा न घालताच बाहेर गेले. पुढं कितीतरी दिवस ते सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. सयाजीही घुम्यासारखा वागला. पण आक्काबाई उठून बसू लागल्या, काठी धरून अंगणात आल्या, आणि चैत्र लागला तसं बबनराव एकदा सहज म्हणाले, "दुर्गे, तांब्या दे." तिनं पाणी दिलं आणि आत जाऊन रडली.

फेराबद्दल आक्काबाई एकदाच बोलल्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "झाडच व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मग वडाला फिरतोच की आपुन." आणि त्या खडे वेचत राहिल्या.

बंगले झाल्यावर इंगाबाई पिंपरीला गेली, आणि पुढच्या वर्षी तिच्या देशाला. जाताना ती खमिराची बरणी ठेवून गेली. दुर्गाबाईनं ते खमीर वर्षानुवर्षं जगवलं. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, असा तिचा पाव. गावात कुणी तापातून उठलं की घरची माणसं मागच्या दारानं यायची आणि हळू आवाजात विचारायची, "दुर्गाबाई, पाव हाय का?" उघडपणे मागायला त्यांनाही पुष्कळ वर्षं धीर झाला नाही.