जुन्याच नावाचं वायफाय

दूध गॅसवर, आमचे हे दुसऱ्या मोज्याच्या शोधात, आणि दारावर थाप. बेल असताना थाप मारणारी एकच, वरच्या मजल्यावरची कातरी. कपडे शिवते म्हणून हे नाव पडलं की जिभेमुळे, हे बिल्डिंगला अजून ठरवता आलेलं नाही. मागे एकदा ह्यांची मोज्यांची शोधाशोध बघून म्हणाली होती, "भाऊजी, पायालाच शिवून देऊ का?"

आज तिने ह्यांच्याकडे बघितलंही नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा बरं."

वायफायचं ॲप होतं. घरातल्या वायफायच्या डब्याला कोण कोण जोडलंय ते त्यात दिसतं. तिचा फोन, पोरीचा टॅब आणि खाली तिसरं नाव, 'राजे'.

"हा कोण?"

"त्याचा फोन. नाव स्वतःच ठेवलंय."

तो म्हणजे तिचा नवरा. उठसूट हात उचलणारा. अंगावरच्या कपड्यांनिशी पोरीला घेऊन ती निघाली, गाव बदललं, नंबर बदलला, माहेरीसुद्धा पत्ता कळू दिला नाही. इतकी सावध बाई. पण डबा बसवायला माणूस आला तेव्हा तिने जुन्या घरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकायला लावला. का, तर पोरीचा टॅब आपोआप जोडला जाईल, पुन्हा कटकट नको. टॅब जोडला गेला. जुनं नाव त्याच्या फोनलाही पाठ होतं.

"पण ह्याची रेंज तर…" म्हणता म्हणता मी थांबले. त्या डब्याची थट्टा तीच करायची, फाटकापर्यंत गेला की मेला म्हणून.

"हो," ती म्हणाली. "फाटकाच्या आत आहे तो."

दूध उतू गेलं. ह्यांनी एका पायातल्या मोज्यानिशी जाऊन गॅस बंद केला, खिडकी लावून घेतली आणि पोलिसांना फोन लावला. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा होता. खालून कुणाची तरी चप्पल वाजली आणि थांबली.

तिच्याच मोबाइलवर मी वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. तिचा फोन पुन्हा जोडून पाहिलं. 'राजे' दिसेना.

"गेला," मी म्हणाले.

"फोन गेला, ताई. आणि मला कळलंय, हे आता त्यालाही कळलं."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं, तिच्या दुसऱ्या हातात कापड कापायची मोठी कातर होती. ती तिने हळूच आमच्या टेबलावर ठेवली.

"पोरगी शाळेत पोचली असेल. सुटली की तिला तुम्ही घ्या. इथे आणू नका, तुमच्या बहिणीकडे न्या. त्याला तुमचा चेहरा माहीत नाही."